शब्द, शस्त्र आणि व्यासपीठ : अमेरिकन समाजमाध्यमांच्या बंदूकविषयक नियमांचा इतिहास

१. प्रास्ताविक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेतील पहिल्या दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी एकाच वेळी अमलात आल्या. त्यांपैकी पहिल्या दुरुस्तीने भाषण व मुद्रण यांच्या स्वातंत्र्याला आणि दुसरीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण दिले. एकाच जन्मदिवसाची ही दोन भावंडे दीडशेहून अधिक वर्षे परस्परांपासून अलिप्त राहिली. शब्दांचे खटले वेगळे, शस्त्रांचे कायदे वेगळे, अशी विभागणी न्यायशास्त्रात रूढ झाली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस आंतरजालाचा प्रसार झाला, शस्त्राची विक्री, शस्त्राची कृती आणि शस्त्राविषयीचे मत या तिन्ही गोष्टी एकाच पडद्यावर वाक्यरूपाने दिसू लागल्या आणि ही अलिप्तता संपुष्टात आली.

या प्रश्नाची चर्चा सामान्यतः राज्यसंस्था विरुद्ध नागरिक अशा द्वंद्वाच्या रूपात केली जाते. वस्तुतः गेल्या तीन दशकांतील निर्णायक नियम विधिमंडळाने केलेले नाहीत, ते खाजगी कंपन्यांनी केलेले आहेत. हे नियम कोणत्या क्रमाने आले, त्यांनी वाक्यांचे कोणते प्रकार मानले आणि न्यायालयांनी त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनाच्या सोयीसाठी बंदूकविषयक वाक्यांचे तीन वर्ग कल्पिले आहेत : विक्रीचे वाक्य, कृतीचे वाक्य आणि मताचे वाक्य.

२. पूर्वपीठिका : जाहिरात आणि व्यवहार

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ रोजी झाली. ज्या रायफलीने ती झाली, ती मारेकऱ्याने खोटे नाव धारण करून शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागविली होती. या दुकानाची जाहिरात ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकाच्या फेब्रुवारी १९६३ च्या अंकात प्रसिद्ध झाली होती. पुढे १९६८ च्या बंदूक-नियंत्रण कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील सामान्य ग्राहकास टपालाने बंदूक पाठविण्यास बंदी घातली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कायद्याने व्यवहार बंद केला, परंतु जाहिरातीचे शब्द बंद केले नाहीत. मासिकाच्या संपादकाला कोणी जबाबदार धरले नाही.

१९९३ च्या ब्रॅडी कायद्याने परवानाधारक विक्रेत्यावर ग्राहकाची पूर्वतपासणी करण्याचे बंधन घातले. नोव्हेंबर १९९८ पासून ही तपासणी संघीय यंत्रणेमार्फत तत्काळ होऊ लागली. तथापि जो विक्रेता व्यावसायिक नाही, केवळ स्वतःजवळची बंदूक विकू इच्छितो, त्याच्यावर संघीय कायद्याने असे बंधन नव्हते. शेजाऱ्याने शेजाऱ्यास बंदूक विकावी, इतक्यापुरतीच ही सवलत अभिप्रेत असावी. परंतु आंतरजालामुळे ‘शेजारी’ या शब्दाची व्याप्ती अमर्याद झाली, आणि कायद्यातील एक लहानशी फट राजमार्गासारखी रुंद झाली.

३. सव्वीस शब्दांचे कवच

याच सुमारास एक दुसरा प्रश्न न्यायालयांपुढे आला होता. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर जो आपल्या यंत्रणेवरून लोकांपर्यंत पोचवितो, तो कोण? प्रकाशक, की पुस्तकविक्रेता? १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीच्या खटल्यात तिला पुस्तकविक्रेत्यासारखे मानले गेले, कारण ती मजकूर तपासत नव्हती. १९९५ मध्ये प्रॉडिजी कंपनीस मात्र न्यूयॉर्कच्या न्यायालयाने प्रकाशक ठरविले, कारण ती आक्षेपार्ह मजकूर काढून टाकीत असे. याचा अर्थ असा झाला, की जो घर झाडतो त्याने घरातील प्रत्येक कणाची जबाबदारी घ्यावी, आणि जो झाडतच नाही त्याने निश्चिंत राहावे.

ही विसंगती दूर करण्यासाठी अमेरिकन काँग्रेसने १९९६ मध्ये जे कलम २३० संमत केले, त्याचे मुख्य वाक्य इंग्रजीत अवघ्या सव्वीस शब्दांचे आहे. परक्याच्या मजकुराबाबत संगणकीय सेवा पुरविणाऱ्यास प्रकाशक किंवा वक्ता समजले जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्यापुढील उपकलमाने आक्षेपार्ह वाटेल तो मजकूर सद्हेतूने काढून टाकण्याची मुभाही कंपन्यांना दिली. अशा रीतीने ठेवण्याचे आणि काढण्याचे असे दोन्ही अधिकार त्यांच्या हाती आले, आणि दोहोंचे उत्तरदायित्व मात्र कायद्याने उचलून घेतले.

‘प्लॅटफॉर्म’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीने ‘व्यासपीठ’ हा शब्द योजला आहे. या शब्दातील पीठ व्यासांचे, म्हणजे बोलणाऱ्याचे आहे. कलम २३० ने मात्र असे पीठ निर्माण केले, की जे वक्त्याचेही नाही आणि सभेचेही नाही, केवळ बांधणाऱ्याचे आहे.

४. विक्रीचे वाक्य

या अधिकाराचा बंदुकीच्या संदर्भात आरंभीचा ठळक उपयोग ईबे या लिलाव करणाऱ्या कंपनीने केला. तिने १९९९ मध्ये बंदुकांचा व्यवहार आपल्या जागेवरून बंद केला. कोणत्याही कायद्याने तिला तसे करण्यास भाग पाडले नव्हते.

फेसबुक (२००४) आणि इन्स्टाग्राम (२०१०) यांच्यावर बंदुकांची देवघेव वाढू लागली, तेव्हा या प्रश्नाने गंभीर रूप धारण केले. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हुक शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. त्यानंतर बंदूक-नियंत्रणवादी संघटनांनी कंपन्यांवर दडपण आणले. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने पहिला तपशीलवार नियम केला. विक्रीच्या निवेदनाजवळ कायद्याची आठवण देणारी सूचना दाखविणे, अठरा वर्षांखालील व्यक्तींपासून ती निवेदने दूर ठेवणे आणि ‘तपासणीची आवश्यकता नाही’ अशा अर्थाचे शब्द असलेली निवेदने काढून टाकणे, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे विक्रीला मुभा होती, कायदा चुकविण्याच्या आमंत्रणाला नव्हती. जानेवारी २०१६ मध्ये ही सूक्ष्म रेषा सोडून देण्यात आली आणि खाजगी व्यक्तींमधील बंदूकविक्रीच्या सर्वच निवेदनांवर बंदी आली. परवानाधारक दुकानांना आपली माहिती देण्याची मुभा मात्र राहिली.

या बंदीनंतर जे घडले, ते भाषाभ्यासकांना विशेष उद्‌बोधक वाटेल. बंदुकीची केवळ रिकामी पेटी विकावयाची आहे, अशी निवेदने फेसबुकच्या बाजारविभागात येऊ लागली. पेटीची किंमत मात्र बंदुकीला साजेशी असे. २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी हा प्रकार उघडकीस आणला. भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर नियम अभिधेपुरता होता, आणि वक्ते व्यंजनेचा आश्रय करून निसटले. ‘पेटी’ हा शब्द वाचकास बंदुकीपर्यंत पोचवीत होता, कारण किंमत हा संदर्भ त्याला तेथे नेत होता. शब्दांच्या सूचीवर आधारलेले नियंत्रण अशा वाक्यांपुढे लंगडे पडते, आणि हेतूवर आधारलेले नियंत्रण करावयाचे तर नियंत्रकास न्यायाधीशाची भूमिका घ्यावी लागते.

ज्या कंपन्यांनी असा कोणताही निर्बंध घातला नाही, त्यांचे काय झाले? विस्कॉन्सिन राज्यातील ब्रुकफील्ड येथे ऑक्टोबर २०१२ मध्ये एका व्यक्तीने तीन स्त्रियांची हत्या केली. न्यायालयीन आदेशामुळे त्याला बंदूक बाळगण्यास मनाई होती. ती त्याने आर्मसलिस्ट या संकेतस्थळावरील जाहिरातीवरून खाजगी विक्रेत्याकडून मिळविली. केवळ खाजगी विक्रेते शोधून देण्याची सोय त्या स्थळाच्या रचनेतच होती, आणि ती सोय म्हणजेच कायदा चुकविण्यास केलेले साहाय्य होय, असा वादीपक्षाचा युक्तिवाद होता. एप्रिल २०१९ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने कलम २३० चा आधार घेऊन दावा फेटाळला. जाहिरात परक्याची आहे, म्हणून स्थळ निर्दोष, असा त्याचा निष्कर्ष होता.

या ठिकाणी आणखी एका कायद्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. २००५ च्या एका संघीय कायद्याने बंदूक-उत्पादकांनाही, त्यांच्या मालाचा इतरांनी केलेल्या गुन्ह्यात उपयोग झाल्यास, बहुतांश दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले आहे. शब्द वाहून नेणाऱ्यास एक कवच आणि शस्त्र निर्माण करणाऱ्यास दुसरे, अशी ही जोडी आहे. दुसऱ्या कवचाला पडलेले एक महत्त्वाचे छिद्रही शब्दांच्याच बाजूने पडले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. सँडी हुकच्या पीडितांनी रेमिंग्टन कंपनीविरुद्ध दावा केला, तो बंदुकीच्या जाहिरातीतील भाषेला धरून. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो चालविण्यास अनुमती दिली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली.

५. कृतीचे वाक्य

विक्रीच्या वाक्याबाबत निदान एवढे तरी म्हणता येते, की ते व्यवहाराचा एक भाग आहे. बंदूक कशी बनवावी हे सांगणाऱ्या वाक्याबाबत असे म्हणता येत नाही. ते ज्ञान आहे, की कृतीचा आरंभ आहे?

मीमांसकांनी विधिवाक्यातील भावनेचे तीन अंश मानले आहेत : काय साधावयाचे ते साध्य, कशाने साधावयाचे ते साधन आणि कसे साधावयाचे ती इतिकर्तव्यता. अमेरिकन न्यायशास्त्राने १९६९ च्या ब्रँडेनबर्ग खटल्यापासून जी कसोटी रूढ केली, ती मुख्यतः साध्याची आहे. तात्काळ बेकायदा कृत्य घडावे या हेतूने, आणि ते घडण्याचा संभव असताना, केलेल्या चिथावणीलाच तेवढी शिक्षा करता येते. परंतु कृतीचे वाक्य कोणालाही चिथावीत नाही, ते केवळ इतिकर्तव्यता सांगते. म्हणूनच या कसोटीच्या चौकटीत ते नीट बसत नाही.

या अडचणीचा इतिहास आंतरजालापूर्वीचा आहे. १९७९ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह’ मासिकाने हायड्रोजन बाँबच्या रचनेवरील लेख छापावयाचे ठरविले, तेव्हा शासनाने मनाईहुकूम मिळविला. परंतु तीच माहिती अन्यत्र प्रसिद्ध झाल्यावर शासनाने खटला सोडून दिला आणि लेख त्याच वर्षी छापला गेला. याच्या उलट, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाडोत्री खुनाच्या एका मार्गदर्शिकेच्या आधारे १९९३ मध्ये तीन खून झाले, तेव्हा चौथ्या मंडलाच्या अपील न्यायालयाने १९९७ मध्ये पॅलॅडिन या प्रकाशनसंस्थेस पहिल्या दुरुस्तीचा आश्रय नाकारला. खुन्यांना साहाय्य व्हावे हा आपला हेतू होता, असे प्रकाशकाने त्या टप्प्यावर युक्तिवादापुरते मान्य केले होते, ही बाब निर्णायक ठरली.

मे २०१३ मध्ये डिफेन्स डिस्ट्रिब्यूटेड या टेक्सासमधील संस्थेने ‘लिबरेटर’ नावाच्या पिस्तुलाचा संगणकीय आराखडा प्रसिद्ध केला, आणि या प्रश्नाला नवे वळण मिळाले. त्रिमितीय मुद्रणयंत्रात तो घातला असता पिस्तुलाचे प्लॅस्टिकचे भाग तयार होत. दोन दिवसांत सुमारे एक लक्ष प्रती उतरवून घेतल्या गेल्यावर परराष्ट्रखात्याने शस्त्रनिर्यातीच्या नियमांखाली तो काढून टाकावयास लावला. संस्थेचा युक्तिवाद असा होता, की संगणकाची आज्ञावली हीदेखील भाषाच होय. तो निराधार नव्हता. सांकेतिक लेखनाच्या आज्ञावलीस पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे, असे सहाव्या मंडलाच्या न्यायालयाने २००० मध्ये म्हटले होते. परंतु या भाषेचे एक वैशिष्ट्य आहे. ती वाचण्यासाठी माणसाची गरज नाही. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत बोलणे हीच कृती ठरणाऱ्या वाक्यांकडे लक्ष वेधले, पण तेथे ऐकणारा मनुष्य गृहीत होता. येथे ऐकणारे यंत्र आहे, आणि यंत्र विचार करण्यासाठी थांबत नाही.

जुलै २०१८ च्या सुमारास शासनाने संस्थेशी तडजोड केली. परंतु ३१ जुलै रोजी सिॲटल येथील संघीय न्यायालयाने आराखड्यांच्या प्रसारास स्थगिती दिली. न्यायालयीन वाद चालू असतानाच, ऑगस्टमध्ये फेसबुकने या आराखड्यांकडे नेणारे दुवे आपल्या जागेवरून रोखले. जो प्रश्न न्यायाधीशांना वर्षानुवर्षे सुटत नव्हता, तो कंपनीने काही दिवसांत आपल्यापुरता सोडविला.

यूट्यूबचा इतिहास याहूनही बोलका आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे झालेल्या गोळीबारात साठ माणसे प्राणास मुकली. मारेकऱ्याने रायफलींना ‘बम्प स्टॉक’ नावाचे साधन जोडले होते. त्याच्या योगाने रायफलीच्या धक्क्याचाच उपयोग होऊन गोळ्या अतिशय वेगाने सुटतात. ते साधन कसे जोडावे हे दाखविणाऱ्या चित्रफितींना यूट्यूबने त्याच महिन्यात बंदी केली. पार्कलँड येथील शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी सतरा जण मारले गेल्यानंतर, मार्चमध्ये ही बंदी बंदुका, दारूगोळा व आवाज दाबणाऱ्या नळ्या बनविण्याच्या कृतींपर्यंत, तसेच विक्रीसाठी केलेल्या चित्रफितींपर्यंत वाढविण्यात आली. जून २०२४ पासून घरगुती बनावटीच्या व स्वयंचलित बंदुकांचा वापर दाखविणाऱ्या फितींना वयाची अटही लागू झाली.

शासनाचा बम्प स्टॉकविषयक मार्ग याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. शासकीय बंदी मार्च २०१९ मध्ये अमलात आली, आणि १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९३४ च्या कायद्यातील ‘मशीनगन’ या शब्दाच्या व्याख्येत, ‘चापाच्या एका क्रियेने’ या अर्थाच्या पदसमूहात, हे साधन बसते की नाही, यावर तो निकाल अवलंबून होता. न्यायाधीशांनी एका पदसमूहाचा अर्थ लावण्यासाठी पानेच्या पाने खर्च केली, आणि भिन्न मत असलेल्या न्यायाधीशांनी आपले मतही लिहून ठेवले. कंपनीच्या नियमास अशा कोणत्याही कसोटीतून जावे लागले नाही.

६. मताचे वाक्य आणि न्यायालये

बंदुकीच्या बाजूने वा विरुद्ध मत मांडण्यास कंपन्यांनी आपल्या नियमांत मनाई केलेली नाही. परंतु वरील दोन वर्गांच्या सीमारेषा धूसर असल्यामुळे त्यांची झळ तिसऱ्या वर्गासही लागते. जुन्या शस्त्राची रचना उलगडून दाखविणारा इतिहासकार कृती शिकवितो, की ज्ञान देतो? अशा मंडळींनी २०१८ नंतर तक्रारी केल्या, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते.

त्यांना दाद मागण्यास जागा होती का? १९४६ च्या मार्श खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की एखाद्या कंपनीने सबंध गाव वसविले, तर त्या गावच्या रस्त्यावर भाषणस्वातंत्र्य नाकारण्याचा अधिकार तिला नाही. समाजमाध्यम हे असेच कंपनीचे गाव होय, असा युक्तिवाद पुढे अनेकांनी केला. २०१७ च्या पॅकिंगहॅम खटल्यात खुद्द सर्वोच्च न्यायालयाने समाजमाध्यमांना आधुनिक काळातील सार्वजनिक चौकाची उपमा दिली. परंतु उपमा म्हणजे अधिकार नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये नवव्या मंडलाच्या न्यायालयाने, बंदुकांशी संबंध नसलेल्या एका खटल्यात, यूट्यूब ही राज्यसंस्था नाही आणि म्हणून पहिली दुरुस्ती तिला बांधीत नाही, असा स्पष्ट निर्णय दिला.

२०२१ मध्ये टेक्सास व फ्लॉरिडा या राज्यांनी कायदे करून मोठ्या कंपन्यांच्या निवडीच्या अधिकारास आळा घालण्याचा प्रयत्न केला. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणे फेरविचारासाठी परत पाठविली. मात्र तसे करताना, परक्यांच्या मजकुरातून निवड करून मांडणी करणे हीदेखील एक अभिव्यक्तीच आहे, असे बहुमताने नमूद केले. वृत्तपत्रास विरोधकाचे उत्तर छापण्याची सक्ती करता येत नाही, या १९७४ च्या निर्णयाशी हे विवेचन जुळते.

तथापि राज्यसंस्थेला एक मर्यादा घालून देण्यात आली. पार्कलँडनंतर न्यूयॉर्कच्या एका वरिष्ठ अधिकारी स्त्रीने विमाकंपन्यांवर आपल्या पदाचे वजन टाकून त्यांना राष्ट्रीय रायफल संघाशी संबंध तोडावयास भाग पाडले, असा आरोप त्या संघाने केला होता. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले, की हा आरोप खरा ठरल्यास तो पहिल्या दुरुस्तीचा भंग होय. या खटल्यात रायफल संघाचे वकीलपत्र नागरी स्वातंत्र्यांसाठी झगडणाऱ्या संघटनेने, म्हणजे अनेक प्रश्नांवर त्याच्या विरुद्ध मताच्या संघटनेने, घेतले होते. जे शासनाला स्वतः करता येत नाही, ते त्याने खाजगी हातांकरवी करवून घेऊ नये, हे तत्त्व समाजमाध्यमांच्या बाबतीतही तितकेच महत्त्वाचे आहे.

७. समारोप

या इतिहासातून एक चमत्कारिक स्थिती निष्पन्न होते. ब्रुकफील्डच्या पीडितांनी न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा कलम २३० ने ते बंद केले. ज्यांच्या चित्रफिती काढल्या गेल्या, त्यांच्यासाठी न्यायालयाचे दार पहिल्या दुरुस्तीच्या अर्थाने बंद झाले. शब्द राहिल्याने ज्याची हानी झाली तो, आणि शब्द गेल्याने ज्याची हानी झाली तोही, असे परस्परविरोधी दोन पक्ष एकाच बंद दारापुढे उभे आहेत. बंदुकीविषयीचे मतभेद बाजूस ठेवून दोघांचे म्हणणे ऐकले, तर ते एकच आहे : निर्णय कोणत्या कारणाने झाला, ते सांगा.

कायदा आणि हुकूम यांतील भेद हाच आहे. कायद्याला कारण द्यावे लागते, आणि त्याच्यावर अपील असते. कंपन्यांच्या नियमांत हे गुण अगदीच आलेले नाहीत असे नाही. फेसबुकने नेमलेल्या पर्यवेक्षक मंडळाने २०२१ पासून सकारण निर्णय देण्यास आरंभ केला. परंतु ते मंडळ असंख्य निर्णयांपैकी मोजक्यांनाच स्पर्श करते. लास व्हेगास, पार्कलँड अशा प्रत्येक शोकान्तिकेनंतर नियम बदलले. बदल कदाचित् योग्यही असतील, पण त्यांची मीमांसा कोठेही लिहून ठेवलेली नाही.

भारतीय वाचकास हा प्रश्न परका वाटण्याचा संभव आहे. आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्याच्या लगतच एकत्र जमण्याचा हक्क दिलेला आहे, आणि तो शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा आहे. अमेरिकन घटनेत शब्द आणि शस्त्र हे दोन्ही हक्क म्हणून शेजारी बसले, तर भारतीय घटनेत शब्दाच्या शेजारी शस्त्राचा अभाव बसला. परंतु जे नियम त्या देशाच्या ताणातून जन्मले, त्यांच्याच चौकटीत मराठीतून बोलणारा आणि लिहिणारा मनुष्यही आज वावरतो आहे. त्याच्या वाक्याचा वर्ग ठरविणारी माणसे वा यंत्रे मराठी व्यंजना कितपत जाणतात, हा प्रश्न बंदुकीपुरता मर्यादित नाही, आणि त्याचा अभ्यास करण्याची जबाबदारी भाषाशास्त्रज्ञांना विधिज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.